मिठाचे कुंपण

किल्ले, तट, बुरूज आणि वेशी यांच्या इतिहासावर आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले आहे. कुंपणावर मात्र कोणी बोलत नाही. कुंपण ही वस्तूच अशी, की ते धड असले तर त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि मोडले तरच त्याची आठवण होते. आज आम्ही ज्या कुंपणाची हकीकत सांगणार आहोत, ते एके काळी जगातल्या सर्वांत लांब कुंपणांपैकी एक होते. ते हिंदुस्थानच्या छातीवर आडवे पडले होते. तरीही शाळेच्या क्रमिक पुस्तकात त्याच्याविषयी एक ओळ आम्हाला कधी आढळली नाही. आम्ही काही इतिहासाचे पदवीधर नव्हे. आमचे वाचन झाले ते संघटनेच्या कचेरीत, सभा संपल्यावर, रात्रीच्या दिव्याखाली. पण मजुरीचे आणि कराचे आकडे वाचण्याची सवय आमच्या धंद्याने लावली, आणि त्या आकड्यांच्या वाटेनेच आम्ही या काट्यांपर्यंत पोहोचलो.

या कुंपणाचे सरकारी नाव मोठे भारदस्त होते : ‘इनलँड कस्टम्स लाइन’, म्हणजे अंतर्गत जकातीची रेषा. 1803 मध्ये बंगालच्या बाजूस जकातीच्या काही चौक्या बसल्या, तेथून तिची सुरुवात झाली. 1843 मध्ये या चौक्या एका स्वतंत्र खात्याखाली आल्या. इंग्रजांचा मुलूख वाढला तशी रेषाही वाढली, आणि 1869 मध्ये तिचे तुटक भाग जोडून एकच सलग अडसर करण्याचा हुकूम निघाला. तेव्हा तिची लांबी 2,504 मैल भरली. आजच्या हिशेबाने चार हजार किलोमीटरांहून थोडी अधिक. मुंबईहून रेल्वेने कलकत्त्याला जावे आणि तसेच परत यावे, जवळजवळ तेवढे अंतर. उत्तरेस सिंधूकाठच्या तारबेल्यापासून मुलतानपर्यंत नदीचाच आधार होता. मुलतानपासून सतलज आणि यमुना यांच्या काठाकाठाने, दिल्ली आणि आग्रा यांवरून ती आपल्या खानदेशाच्या उंबरठ्याशी, बऱ्हाणपुराच्या दक्षिणेस येत असे. या मधल्या सव्वाचौदाशे मैलांवर सर्वांत कडक पहारा होता. पुढे ती पूर्वेकडे ओरिसातील सोनपूरपर्यंत विरळ चौक्यांनी जाई.

हा सारा खटाटोप कशासाठी? मिठासाठी.

राजपुतान्यात सांभर सरोवर आहे. उन्हाळ्यात त्याचे पाणी आटते आणि मीठ आपोआप वर येते. ती संस्थाने इंग्रजी करापासून मोकळी होती. इकडे आपल्या कोकणातील मिठागरांवर मणामागे 1 रुपया 13 आणे कर होता, मद्रासेतही तितकाच. उत्तर हिंदुस्थानात तो 3 रुपये, आणि बंगालमध्ये 3 रुपये 4 आणे. मीठ एकच, पण या गावात त्याची एक किंमत आणि पलीकडच्या गावात दुसरी. अशा ठिकाणी माणूस काय करील? रात्री पोते पाठीवर घेईल आणि पलीकडे जाईल. ते होऊ नये म्हणून रेषा, आणि रेषा नुसती कागदावर राहू नये म्हणून कुंपण.

या कराचे वजन किती होते ते पाहण्यासाठी आम्ही एक साधा हिशेब मांडतो. त्या काळी उत्तरेकडे शेतमजुराला महिन्याला तीनेक रुपये पडत. घराला वर्षाकाठी अर्धा मण मीठ लागते असे धरले, तरी नुसता कर दीड रुपया झाला, म्हणजे पंधरा दिवसांची मजुरी. मिठाची किंमत निराळी, आणि गुराढोरांचे मीठ त्याहून निराळे. उन्हात राबणाऱ्याच्या अंगातून घामावाटे मीठ जाते. ते पोटात परत गेले नाही तर हातापायांत गोळे येतात, ग्लानी येते. बैठ्या माणसाचे थोडक्या मिठावर निभते, नांगर धरणाऱ्याचे निभत नाही. म्हणजे हा कर सर्वांवर सारखा असूनही सर्वांत जास्त तो घामावर बसत होता. असो.

प्रथम हे कुंपण मेलेले होते. म्हणजे बोरीच्या काट्यांची शिरी तोडून आणायची, खुंट ठोकून ती रांगेने अडकवायची, इतकेच. आपल्या खेड्यात खळ्याभोवती वई घालतात तोच प्रकार, फक्त शेकडो मैलांचा. या वाळक्या कुंपणाला जेवढी दुखणी तेवढी एखाद्या जराजर्जर म्हाताऱ्यालाही नसतील. वाळवी खाई, उंदीर पोखरत, वणवा लागे, टोळधाड येई, वेली चढून ओझ्याने पाडीत, आणि एखादी वावटळ आली की फर्लांगच्या फर्लांग कुंपण आडवे होई. दर वर्षी सुमारे निम्मे कुंपण नव्याने घालावे लागे. एक मैल कुंपणाला 250 टन काटे लागतात, आणि ते पाव मैलापासून सहा मैलांपर्यंतच्या अंतरावरून आणावे लागतात, असा अंदाज त्या खात्याच्या कमिशनरनेच दिलेला आहे. पंचवीस किलोंचा एक भारा धरला, तर मैलाला दहा हजार भारे होतात. त्यांतले पाच हजार दर साल पुन्हा. हे कोणाच्या डोक्यावरून आले असतील? कमिशनरच्या तर नक्कीच नव्हे!

हे काटे गावच्या रानातून तोडले जात. ज्या गावाला मीठ मिळू द्यायचे नाही, त्याच गावची बोरी तोडून त्याच गावापुढे लावायच्या. कुंपणाने शेत खाल्ल्याची म्हण आपल्याकडे आहे. येथे शेतानेच कुंपण पोसले.

या खात्याचा कमिशनर म्हणून 1867 मध्ये जो गृहस्थ आला, त्याचे नाव आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले आहे. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. होय, तोच. काँग्रेसचा संस्थापक म्हणून ज्याची तसबीर भिंतीवर असते तो. 1829 साली जन्मलेला, इटाव्याचा कलेक्टर राहिलेला, पक्ष्यांचा मोठा अभ्यासक आणि वनस्पतींचा वेडा. त्याने कुंपण पाहिले तेव्हा काही ठिकाणी एक गंमत घडलेली होती. वाळक्या काट्यांच्या आधाराने जागोजाग झाडे आपण होऊन रुजली होती. 1868 पर्यंत असे 180 मैल जिवंत कुंपण धड झाले होते. बाकीचे मात्र रडत होते : कुठे वर्षानुवर्षे वीतभरच राहिलेली रोपे, कुठे दहा हातांवर एखादे झुडूप आणि मध्ये उघडी माती.

येथे आम्ही वाचकांना थोडे बागेत नेतो. आमच्या संघटनेत नगरपालिकेचे माळीकामगार होते. त्यांच्याकडून आम्ही जे शिकलो ते बंगलेवाल्यांनीही ऐकण्यासारखे आहे. मेंदीचे कुंपण पिवळे पडले, खालून उघडे झाले, की मालक वरून पाणी ओततो आणि खत टाकतो. माळी तसे करीत नाही. तो आधी फांदीची साल नखाने खरवडून बघतो. खाली हिरवे असेल तर जीव आहे, तपकिरी आणि कोरडे असेल तर तेवढी फांदी गेली. मग बुंध्याशी हातभर उकरून मुळे बघतो. पांढरी आणि टणक मुळे असली तर झाड वाचते. काळी आणि बुळबुळीत असली तर पाणी कमी नव्हे, जास्त झालेले असते. माती दगडासारखी बसली असेल तर वरचे पाणी मुळाशी पोहोचतच नाही. आणि कुंपण खालून उघडे पडते याचे कारण बहुधा कात्रीत असते. वरचा भाग रुंद आणि खालचा अरुंद छाटला की खालच्या पानांना ऊन मिळत नाही. मग जीव असलेले झुडूप पावसाच्या तोंडाशी धीर करून खालपर्यंत छाटावे लागते, म्हणजे बुंध्यातून नवे धुमारे फुटतात. सगळ्या झाडांना हे सोसत नाही. बोरीला सोसते. बोरीचे खोड जमिनीसरपाट तोडले तरी ती दुप्पट फांद्यांनी उठते.

ह्यूमने नेमके असेच केले. सगळीकडे एकच झाड आणि एकच उपाय, हा सरकारी खाक्या त्याने सोडला. 1869 मध्ये त्याने देशी काटेरी झुडपांची ठिकठिकाणी लावून परीक्षा केली : कोणत्या मातीत, किती पावसात कोणते टिकते. त्यातून बोर, बाभूळ, करवंद आणि थोराच्या निरनिराळ्या जाती निवडल्या गेल्या. हिसारच्या रखरखीत भागात यांतले काहीच जगेना, तेथे फड्या निवडुंग लावला. काही ठिकाणी बांबू आला. जमीन निकस असेल तेथे ती खोदून काढली आणि चांगली माती आणून भरली. पुराच्या पट्ट्यात उंच बांध घालून त्यावर लागवड केली, म्हणजे मुळे कुजू नयेत. पाणी जवळच्या विहिरींचे दिले, आणि चर खणून पावसाचे पाणी त्यात धरले. शिवाय संपूर्ण कुंपणाला लागून एक चांगला रस्ता, गस्तीसाठी. दुखणे कशाचे ते आधी पाहावे आणि मग औषध द्यावे, ही रीत त्याने सोडली नाही. माळी म्हणून हा माणूस पहिल्या प्रतीचा होता, हे आम्ही कबूल करतो.

तीन वर्षांत फळ दिसले. 1870 मध्ये तो गेला तेव्हा साडेचारशेच्या आसपास, नेमके सांगायचे तर 448¾ मैल कुंपण निर्दोष आणि 233½ मैल मजबूत म्हणण्यासारखे झाले होते. चांगल्या भागात ते कोठेही आठ फुटांहून ठेंगणे आणि चार फुटांहून अरुंद नव्हते. काही ठिकाणी तर बारा फूट उंच आणि चौदा फूट जाड. आपल्या दिवाणखान्याची रुंदी डोळ्यांपुढे आणावी, आणि ती सारी काट्यांनी भरलेली आहे असे समजावे! माणूस किंवा जनावर यातून जाऊ शकत नाही, असा त्याचा स्वतःचा दाखला आहे. ह्यूमनंतर आलेल्या बॅटनने जेथे काही उगवेना तेथे दगडी भिंती आणि खंदक घातले. पुढे हॅल्सी या शेवटच्या कमिशनरच्या अमदानीत जिवंत कुंपण निदान आठशे मैलांवर गेले. चीनच्या भिंतीशी त्याची तुलना करणारे त्या काळातही निघाले. बऱ्हाणपुराच्या खाली मात्र त्याने रुजायचे नाकारले. ते आमच्या महाराष्ट्राच्या वेशीपर्यंत आले आणि थांबले.

आता कुंपण राखणाऱ्या माणसांकडे वळू. आमच्या मते हा या हकीकतीचा खरा गाभा आहे, आणि पुस्तकांत यावरच सर्वांत थोडी पाने असतात. 1869 मध्ये या खात्यात 136 अधिकारी, 2,499 जमादार आणि 11,288 शिपाई होते. 1872 मध्ये सगळे मिळून 14,188. चौक्या 1,727. अधिकारी बहुतेक गोरे, बाकी सारे आपले. शिपायाला महिना सुमारे पाच रुपये मिळत. शेतमजुराहून हे बरे, म्हणून या नोकरीसाठी माणसे धडपडत. वरकमाईही होती, ती लपवण्यात अर्थ नाही. पण त्यांना मुद्दाम त्यांच्या गावापासून दूर नेमीत. ज्या मुलखात आपले कोणी नाही, जेथल्या लोकांची झाडे आपण तोडतो आणि पोती आपण जप्त करतो, तेथे तो शिपाई रात्रंदिवस गस्त घाली. ही युक्ती आम्हाला नवी वाटत नाही. एका गिरणीच्या फाटकावर आम्ही ती पाहिली आहे. पहारेकरी नेहमी परमुलखातला ठेवायचा, म्हणजे संपाच्या दिवशी समोरच्या गर्दीत त्याला आपला भाऊ दिसणार नाही. राखणारा आणि ज्याच्यापासून राखायचे तो, दोघेही मीठभाकरीचेच धनी. दोघांमध्ये बारा फुटांचे काटे, आणि त्या काट्यांनाही पाणी घालणारे यांच्यातलेच.

कुंपणाजवळच्या गावांना गप्प ठेवण्यासाठी माणशी दोन पौंड, म्हणजे साधारण एक शेर मीठ फुकट नेण्याची सवलत होती. तेवढ्याने काय होणार? पोती कुंपणावरून फेकली जात. उंटांचे तांडे आणि माणसांच्या टोळ्या रात्री घुसत. 1873-74 मध्ये 3,271 माणसे पकडली गेली. 1877-78 मध्ये शिक्षा झालेल्यांचा आकडा 6,077 आहे. सप्टेंबर 1877 मध्ये 112 जणांच्या एका टोळीला दोन शिपायांनी अडवण्याचा प्रयत्न केला, आणि ते दोघे मारले गेले. पाच रुपयांसाठी. त्या टोळीतल्या 112 जणांना तरी आम्ही गुन्हेगार कसे म्हणावे? ते वर्ष दुष्काळाचे होते.

या दुष्काळाची आठवण आपल्या मुलखाला निराळ्या कारणाने आहे. 1876 ते 78 या काळात सोलापूर, नगर, सातारा, पुणे हे जिल्हे होरपळत होते. दुष्काळी कामावरच्या मजुराचे रोजचे धान्य सर रिचर्ड टेंपलच्या शिफारशीने एक पौंडावर आणले गेले, तेव्हा 1877 च्या आरंभी हजारो मजूर कामे सोडून निघाले. सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. आमच्या चळवळीच्या इतिहासात या संपाला अजून हक्काचे पान मिळालेले नाही. आणि याच सुमारास मुंबई व मद्रास इलाख्यांतला मिठाचा कर 1 रुपया 13 आण्यांवरून अडीच रुपये करण्यात आला. कारण काय? तर कुंपण काढायचे होते!

ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. कुंपण काढले ते दयेने नव्हे, हिशेबाने. 1869-70 मध्ये या रेषेने मिठावर सव्वा कोट आणि पलीकडे जाणाऱ्या साखरेवर दहा लाख रुपये मिळवून दिले, आणि खर्च झाला 16 लाख 20 हजार. धंदा तोट्याचा नव्हता. पण त्यामुळे सारा व्यापार अडत होता. जॉन स्ट्रॅची यांच्यासारखा सरकारचा अर्थमंत्रीही या पद्धतीला राक्षसी म्हणू लागला होता. उपाय सापडला तो असा : मीठ जेथे तयार होते ती जागाच ताब्यात घ्यावी. 1870 च्या सुमारास जयपूर आणि जोधपूर यांच्याशी करार होऊन सांभर सरोवर इंग्रजांकडे आले, पुढे इतर संस्थानांशीही तसेच करार झाले. मग सगळीकडचा कर एका पातळीवर आणायचा. त्यासाठी उत्तरेकडचा थोडा उतरवला आणि आपला चढवला. कर सर्वत्र सारखा झाला की चोरट्या व्यापाराला कारण उरत नाही आणि कुंपणाची गरजही संपते. 1878 मध्ये निगा राखणे थांबले, आणि 1 एप्रिल 1879 रोजी रेषा रद्द झाली. उत्तरेत काटे निघाले, ते दख्खनच्या दुष्काळी ताटात रुतले.

गोव्याचीही यातून सुटका झाली नाही. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोव्याच्या मिठाचा बंदोबस्त इंग्रजांच्या हाती गेला. मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला दर वर्षी चार लाख रुपये मिळत. मिठागरे बांधली गेली, आणि 1892 मध्ये तह संपेपर्यंत गोव्यातल्या आगरांवर काय खपेल आणि काय नाही ते परके ठरवीत होते.

1879 मध्येच ह्यूमलाही वरच्या जागेवरून दूर करण्यात आले. पुढे तो नोकरीतून मोकळा झाला, आणि 28 डिसेंबर 1885 रोजी मुंबईत गोकुळदास तेजपाल पाठशाळेत काँग्रेसची पहिली बैठक भरली. ती पुण्यात भरायची होती, पण कॉलऱ्यामुळे मुंबईस गेली, हे आपल्याला ठाऊक आहेच. याच काँग्रेसने पुढे मिठावरील कराविरुद्ध ठराव केले. काही अभ्यासक म्हणतात की ह्यूमचे मन बदलले होते, काही म्हणतात की तो आधीपासूनच दोन मनांचा होता. आम्हाला त्याच्या मनापेक्षा त्याच्या हाताचे काम अधिक बोलके वाटते. ज्या माणसाला रोप का जगत नाही हे इतक्या बारकाईने कळत होते, त्याला पलीकडची माणसे का सुकतात हे दिसत नव्हते, यावर आमचा विश्वास बसत नाही. त्याला दिसत होते, आणि तरी त्याने आपली चाकरी चोख बजावली. चोख चाकरी करणारे असे चांगले लोक आम्ही उभ्या आयुष्यात पुष्कळ पाहिले आहेत. काँग्रेस काढणारा ह्यूम मोठाच, पण त्याच्या चरित्रात कुंपणाची तीन वर्षेही तितक्याच ठळकपणे छापली पाहिजेत.

कर मात्र उभाच राहिला. 1882 मध्ये तो दोन रुपये झाला, 1888 मध्ये पुन्हा अडीच. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कायदेमंडळात आकड्यांवर आकडे ठेवून तो लावून धरला, आणि 1903 ते 1907 या काळात तो टप्प्याटप्प्याने एका रुपयावर आला. 1930 मध्ये गांधीजी दांडीला निघाले, आपल्याकडे शिरोड्याला आणि वडाळ्याच्या मिठागरांवर माणसांनी डोकी फोडून घेतली. शेवटी 1947 मध्ये तो रद्द झाला. त्या वेळी मीठ उचलणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल, की पन्नासच वर्षांपूर्वी या मिठासाठी देशाच्या मधोमध काट्यांची भिंत उभी होती?

कारण भिंत तोवर नाहीशी झाली होती. निगा थांबली की कुंपण फार दिवस टिकत नाही. माळीकामगारांनी आम्हाला सांगितलेली ही दुसरी गोष्ट. रॉय मॉक्सहॅम नावाच्या एका इंग्रजाला 1995 मध्ये लंडनच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात स्लीमनच्या आठवणींची प्रत मिळाली. तिच्यातल्या एका टिपेत या कुंपणाचा उल्लेख होता. त्याने जुने नकाशे आणि कागदपत्रे धुंडाळली, तीन वेळा हिंदुस्थानात हिंडला, आणि 2001 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. बहुतेक ठिकाणी त्याला काहीच सापडले नाही. पुरासाठी घातलेले बांध उंच आणि सरळ असल्यामुळे पुढे त्यांवरून रस्ते गेले होते. 1998 मध्ये इटावा जिल्ह्यात, ह्यूमच्याच जुन्या जिल्ह्यात, त्याला असा एक बांध मिळाला ज्यावरून रस्ता गेला नव्हता. त्यावर काटेरी झाडे उभी होती.